पिशवीतला हात

या, असे खांबाआड बसू नका, पुढे सरका. सतरंजीवर जागा आहे, आणि कीर्तन सुरू व्हायला अजून अवकाश आहे. तेवढ्यात एक गोष्ट ऐकून घ्या. देवादिकांची नाही. आपल्याच पीण्यात, कारखान्यांच्या बाजूला राहणाऱ्या एका मुलीची, तिच्या डाव्या हाताची आणि तिला आलेल्या रागाची. राग वाईट, असं आपण दर एकादशीला ऐकतो आणि माना डोलावतो. वाईट असेलही. पण काही राग यायच्या वेळी येत नाहीत. ते बारा-तेरा वर्षं कुठंतरी दबा धरून बसतात, आणि मग येतात तेव्हा कडी वाजवत नाहीत, दारच मोडतात.

मुलीचं नाव अनुषा. वय सोळा. बाप वादिराज, पीण्यातल्या पंपाच्या कारखान्यात माल तपासणारा. केसभर वाकडा दांडा आला तर तो बोटांनी ओळखून बाजूला काढायचा, असा त्याचा लौकिक. घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे कानडी मुलखात आलेलं, घरात मराठी, पण तिच्यात ‘अण्णा’ आणि ‘बरं’च्या जागी ‘सरी’ केव्हाचे येऊन बसलेले. दर एकादशीला वादिराज विठ्ठलमंदिरात पखवाजाला बसायचा. डाव्या पुडीला ओली कणीक लावून त्यानं थाप दिली की मागच्या भिंतीला टेकलेल्या म्हाताऱ्यांच्या पाठीत घुमारा जायचा. भला माणूस. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्हाला त्याचा राग येणार आहे.

अनुषा बास्केटबॉल खेळायची. गेल्या वर्षी राज्याच्या शिबिरासाठी अठरा वर्षांखालच्या मुलींची निवड चाचणी झाली. पहिल्या दहा मिनिटांत तिनं सहा बास्केट केल्या. मग समोर श्वेता आली. तिचे आईवडील पुण्याहून कंपनीत नोकरीला आलेले, राहणं एचएसआर लेआउटला, खेळायला तिथलीच महागडी अकॅडमी. श्वेतानं दोन मिनिटं पाहिलं आणि आपल्या बाजूच्या मुलींना शांतपणे सांगितलं, “हिला राइट देऊ नका, बास. लेफ्टला ही जातच नाही.” त्यानंतर अनुषाला एकही बास्केट मिळाली नाही. निवड करणाऱ्या बाईंनी कागदावर जे लिहिलं, ते सगळ्यांसमोर वाचूनही दाखवलं: एका हाताची खेळाडू.

यंदा शेवटची संधी होती. अण्णांचा, म्हणजे वादिराजचा, शब्द होता की जूनच्या चाचणीत नाव आलं तर खेळ चालू, नाहीतर सेकंड पीयू म्हणजे बारावी, प्रवेश परीक्षा, आणि चेंडू माळ्यावर.

तिचे सर मानसिंग. मूळचे साताऱ्याकडचे, लष्करात असताना खेळलेले, निवृत्त होऊन इथंच राहिलेले. वॉर्डाच्या मैदानावरच्या कोर्टवर रोज सकाळी साडेपाचला हजर. चाचणीला सहा आठवडे उरले तेव्हा त्यांनी फर्मान काढलं, “आजपासून उजवा हात रजेवर.” म्हणजे उजवा हात मागे, कमरेच्या पट्ट्यात खोचायचा, आणि सगळं डाव्यानं. अनुषा चेंडू आपटायला लागली, तर तो कधी पायावर, कधी गुडघ्यावर, तिसऱ्यांदा सरळ गटारीकडे.

“पळाला,” सर म्हणाले. “चेंडूची आणि तुझ्या हाताची ओळखच नाही. जा, आण. लग्न जुळवतोय तुमचं मी.”

चौथ्या दिवशी ती खाली वाकून बुटाची नाडी बांधत होती. सरांनी न सांगता शिट्टी तिच्या अंगावर फेकली. तिनं मान वर न करता झेलली. दुसऱ्या दिवशी त्यांनी तसाच किल्ल्यांचा जुडगा फेकला. तिसऱ्या दिवशी केळं. ते तिनं झेललं, सोलायलाही लागली.

“पोरी, तू डावखुरी आहेस,” सर म्हणाले.

“नाही सर. मी उजवी.”

“केळं कुठल्या हातात आहे?”

तिनं खाली पाहिलं.

“कुणी सांगितलं तुला, तू उजवी म्हणून?”

“घरी... म्हणजे, कुणी सांगितलं नाही. आहेच.”

“घरी विचार,” सर म्हणाले आणि इतर मुलींकडे वळले.

घरी आई, सौम्या, आमटीला फोडणी देत होती. प्रश्न ऐकून तिचा हात क्षणभर थांबला. “अण्णा आले की विचार,” ती म्हणाली आणि पाठ फिरवली. खिडकीशी शिलाई मशीनवर आत्या बसली होती. अनुसूयाआत्या, अण्णांची थोरली बहीण, साठीची, लग्न न झालेली, आळीतल्या बायकांचे ब्लाउज शिवणारी. तिनं मशीन थांबवलं.

“डावरीच होतीस,” आत्या म्हणाली. “साडेतीन वर्षांची होईपर्यंत सगळं डाव्यानं. देवळात तीर्थाला हात पुढे करायचीस तोही डावा. लोक बघायचे. मग अण्णांनी ठरवलं. हाताला पिशवी.”

“कसली पिशवी?”

“मांजरपाटाची. मनगटाशी नाडी. सकाळी आंघोळ झाली की चढवायची, झोपलीस की काढायची. नवरात्रात सुरू केलं ते आषाढात संपलं.”

अनुषानं बोटांवर महिने मोजले. कुठल्या हाताची बोटं, ते तिला मोजून झाल्यावर कळलं.

“मला का नाही आठवत?”

“मधे पाच-सहा आठवडे तू बोलायचीच बंद झाली होतीस. डॉक्टर म्हणाले, पोर घाबरलंय. आम्ही दृष्ट काढली.”

“दृष्ट,” अनुषा म्हणाली. मग तिनं विचारलं, “पिशवी शिवली कुणी?”

आत्यानं मशीनच्या चाकावर हात ठेवला. “मी.”

बघा, आई ओरडली असती, बाप ओरडला असता, तर ते पोरीनं सोसलं असतं. पण आत्या म्हणजे तिची लहानपणापासूनची कूस. शाळेतून रडत आली की आईच्या आधी आत्याच्या पदरात तोंड खुपसणारी मुलगी ही. ती काही न बोलता मोरीत गेली, नळ सोडला आणि भिंतीवर डाव्या तळहातानं थापा मारत राहिली, तळवा लाल होईपर्यंत.

अण्णा सात वाजता आले. त्यांनी हातपाय धुतले, अंगारा लावला, पाटावर बसले. अनुषा समोर उभी राहिली.

“माझा हात बांधला होता?”

अण्णांनी आधी बहिणीकडे पाहिलं, मग मुलीकडे. “वळण लावलं. सगळे लावतात.”

“विचारलं का नाही मला?”

“साडेतीन वर्षांच्या पोराला काय विचारायचं? उद्या सासरी डाव्या हातानं वाढशील, चारचौघांत नाव निघेल...”

“सासर अजून आलेलं नाही, अण्णा. चाचणी पाच आठवड्यांवर आली आहे.”

“डावा हात देवाला चालत नाही, अनु.”

“पखवाजाला चालतो की. परवा एकादशीला कणीक लावून धुम-धुम वाजवत होता तो कुठला हात? आणि विठोबा दोन्ही हात कमरेवर ठेवून उभा आहे. त्याच्या एका हाताला पिशवी घातलेली मी तरी पाहिली नाही.”

“जीभ फार चालायला लागलीय.”

“मधे बंद पडली होती ना पाच-सहा आठवडे. ते भरून काढतेय.”

अण्णा चिडले की आवाज चढवत नाहीत, दातावर दात रोवून बसतात. अनुषानं तेच त्यांच्याकडून घेतलेलं. दोघं तशीच बसली, आणि आमटी निवाली.

दुसऱ्या दिवशी रात्री पानं मांडली. अण्णांनी ताटाभोवती पाणी फिरवलं, चित्राहुती घातल्या, आपोष्णी घेतली. अनुषा त्यांच्या समोर बसली आणि तिनं डाव्या हातानं भात कालवला. सावकाश, सगळ्यांना दिसेल असा. घास तोंडात घातला. बोटांतून अर्धा भात ताटात पडला. तिनं परत उचलला.

आपोष्णी घेतलेला माणूस ताटावरून मधेच उठत नाही. उठलाच तर ते अन्न तसंच टाकावं लागतं, आणि अन्न टाकणं हे त्या घरात पाप. वादिराज उठला. हात धुतला, सदरा अडकवला आणि बाहेर पडला.

“आता बरं वाटलं?” आई म्हणाली.

“नाही,” अनुषा म्हणाली आणि जेवत राहिली. डाव्यानंच.

त्या दिवसापासून अण्णा रात्रीचं जेवण कारखान्याच्या कँटीनमध्ये घ्यायला लागले. मुलगी डाव्या हातानं दात घासायची, केस विंचरायची, तव्यावर दोशाचं पीठ फिरवायची. पहिला आठवडा दोशांचे नकाशे झाले. जिन्यावरून चढता-उतरता टेनिसचा चेंडू डाव्यानं आपटत न्यायची, खालच्या मजल्यावरचे कृष्णमूर्ती दार उघडून म्हणायचे, “स्वल्प निधान, अम्मा.” जरा हळू. ती हळू करायची नाही.

कोर्टवर तर विचारू नका. रिंगखाली उभं राहून डाव्या बाजूनं दोनशे ले-अप, म्हणजे चेंडू जवळून बोर्डाला टेकवून आत सोडायचा, रोज. भिंतीवर पास, एका हातानं. पाण्याच्या बाटल्या ओळीत मांडून त्यांच्यामधून चेंडू काढायचा, आणि बाटली पडली की पहिल्यापासून. ती दात आवळून चेंडू असा हाणायची की तो बोर्डाला आपटून अर्ध्या कोर्टपर्यंत परत यायचा. तिसऱ्या आठवड्यात सरांनी चेंडू पायानं अडवला.

“कुणाला मारतेयस?”

“कुणाला नाही.”

“मग चेंडूला का लागतंय?”

तिनं चेंडूसाठी हात पुढे केला.

“हे बघ, राग टाकून दे असं मी सांगणार नाही. मला विचारशील तर तुझ्या जागी मीही घर डोक्यावर घेतलं असतं. पण राग ठेवायची जागा असते. पायात ठेव. पोटऱ्यांत ठेव, पळायला कामाला येतो. बोटांत आला की संपलं. बोटं मऊ पाहिजेत. लोणी उचलल्यासारखा सोड चेंडू.”

“लोणी उजव्यानंच उचलायचं असतं आमच्याकडे.”

“बोलतेस छान,” सर म्हणाले. “पुन्हा पहिल्यापासून. दोनशे.”

चौथ्या आठवड्यातल्या एका रविवारी आत्या कोर्टवर आली. हातात डबा. पायरीवर बसून राहिली. बाकीच्या मुली गेल्या, सर गेले, तरी अनुषानं तिच्याकडे पाहिलं नाही. शेवटी घाम पुसत येऊन ती दोन पायऱ्या सोडून बसली.

“खाऊन घे.”

“नको.”

“मी केलंय म्हणून नको?”

“हो.”

आत्यानं डबा बाजूला ठेवला. मग डाव्या हाताची बांगडी मनगटावरून वर सरकवली आणि हात पुढे केला. मनगटाच्या आतल्या बाजूला, अंगठ्याखाली, बोटभर लांबीचा गुळगुळीत डाग.

“हे तू कधी विचारलं नाहीस.”

“स्वयंपाकात भाजलं असेल, असं वाटलं.”

“स्वयंपाकघरातच. मी सात वर्षांची होते. तापलेलं उलथनं. आमच्या आईनंच. तीनदा. तिसऱ्यांदाचा राहिला.” आत्यानं बांगडी परत खाली ओढली. “वादी पाच वर्षांचा होता. दाराआडून बघत होता. तुझ्या वेळी तो मला म्हणाला, अक्का, चटका नको, काहीतरी दुसरं करू. मग मी पिशवी शिवली. आतून मऊ अस्तर लावलं, टोचू नये म्हणून. मला वाटलं, पिशवी म्हणजे दया.”

अनुषा जागची हलली नाही. “दया नव्हती ती.”

“सरी,” आत्या म्हणाली. “नव्हती.”

एवढंच. माफी मागितली नाही, डोळ्यांना पदर लावला नाही. अनुषाला रडणारी माणसं क्षमा करायला सोपी वाटायची. ही तशी नव्हती, त्यामुळे राग आपल्या जागी राहिला. फक्त त्याला आता एकाऐवजी दोन हात दिसत होते. तिनं डबा ओढला, उघडला आणि उप्पीट खाल्लं. आत्या उठली, कोर्टच्या कडेला पडलेला चेंडू उचलला, डाव्या हातानं रिंगकडे भिरकावला. तो रिंगच्या निम्म्यावरही पोचला नाही, खांबाला लागून तिच्याच पायाशी आला.

“कोपर आत घे,” अनुषा म्हणाली.

चाचणीच्या दिवशी तीन रिक्षा ठरल्या आणि तिन्ही रद्द झाल्या. कोर्ट शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेळ्ळंदूरच्या पुढे, एका कॉलेजात. अनुषा जिना उतरली तर खाली अण्णा स्कूटर चालू करून उभे होते.

“बस. हेल्मेट घाल.”

दोन तास लागले. रिंग रोडवर गाड्या उभ्याच. अण्णांच्या पाठीला अंग लागू नये म्हणून अनुषा बॅग मधे धरून बसली होती.

कोर्टवर चोवीस मुली होत्या, घ्यायच्या होत्या बारा. श्वेता पट्टी बांधत बसली होती.

“हाय अनुषा. कशी आहेस? अजून राइटच का?”

“ये की बघायला.”

शिट्टी वाजली. अनुषानं पहिलाच चेंडू डावीकडे नेला, आणि तो तिच्याच गुडघ्याला लागून बाहेर गेला. दुसऱ्यांदा डावीकडून आत घुसली, चेंडू रिंगला खालून लागला. श्वेता पळता पळता हसली, “सो क्यूट. लेफ्ट शिकलीस?” निवडीच्या बाईंनी खाली बघून काहीतरी खरडलं. गेल्या वर्षीच्याच बाई.

राग मनगटापर्यंत आला. अनुषाला तो आत तापल्यासारखा जाणवला. तिनं तो खाली ढकलला, कोपरातून, पोटातून, गुडघ्यांच्याही खाली. तिसऱ्यांदा ती डावीकडे निघाली तेव्हा श्वेता जागची हललीही नाही, इतकी ती निर्धास्त. दोन पावलं, उडी, आणि चेंडू बोटांवरून नुसता सुटला. बोर्डाला टेकला. आत गेला.

चौथ्यांदा परत डावीकडून. आत. पाचव्यांदा श्वेता अर्धं पाऊल अनुषाच्या डाव्या बाजूला सरकली, आणि गेल्या वर्षी बंद झालेली उजवी बाजू सताड उघडी पडली.

“अगं, नक्की कुठे जातेय ही?” श्वेताची सोबतीण ओरडली.

“मला काय माहीत,” श्वेता म्हणाली. ती आता हसत नव्हती.

मध्यंतरात अनुषानं पाणी पिताना कठड्याकडे पाहिलं. अण्णा तिथे उभे होते. दुसऱ्या मुलींचा चेंडू पलीकडच्या टोकाला होता, सगळ्यांच्या माना तिकडे. अण्णा तिच्या हातात धरलेल्या बाटलीकडे बघत होते. बाटली डाव्या हातात होती. तिनं हात बदलला नाही.

दुपारी यादी वाचली. तिचं नाव नववं होतं.

शिबिराचा फॉर्म पालकांनी भरायचा होता. अण्णा टेबलाशी उभे राहून एकेक रकाना भरत गेले, कारखान्यातला तक्ता भरावा तसे, स्वच्छ अक्षरात. नाव, जन्मतारीख, उंची, रक्तगट. मग पेन थांबलं. रकाना होता: खेळाडूचा मूळ हात.

“इथं काय लिहू?”

“तुम्हाला ठाऊक आहे.”

“आता दोन्हींनी खेळतेस.”

“एकच लिहायला जागा आहे.”

मागे रांग थांबली होती. कुणाचे तरी वडील “अंकल, बेगा” म्हणाले, म्हणजे लवकर आटपा. अण्णांनी लिहिलं: डावा. मग सही केली.

“माझा राग गेलेला नाही, अण्णा,” अनुषा म्हणाली. “नाव आलं तरीही नाही.”

“जाऊ नये.” त्यांनी पेनाचं टोपण लावायला तीन वेळा प्रयत्न केला. “नाडी मी बांधायचो. रोज सकाळी. पहिला महिना रडायचीस, हात पाठीमागे लपवायचीस. मग लपवणं सोडलंस. मी पिशवी घेऊन आलो की आपणहून हात पुढे करायचीस. मी म्हटलं, शहाणी झाली पोर.” त्यांनी पेन खिशाला लावलं. “आज तुला खेळताना बघून कळलं, काय झालं होतं ते.”

क्षमा अनुषाजवळ नव्हती, आणि नसलेली वस्तू देता येत नाही. तिनं फॉर्म त्यांच्या हातातून घेतला, स्वतः जाऊन टेबलावर दिला, पोच घेतली आणि स्कूटरकडे चालत गेली. ते मागून आले.

मुलीची गोष्ट इथपर्यंत. ती शिबिराला गेली, तिचं पुढचं देव बघेल. बापाचंही बघेल. त्याला निदान चुकीचा रकाना स्वतःच्या हातानं दुरुस्त करायला मिळाला.

पण त्या संध्याकाळी निकाल सांगितल्यावर खिडकीशी बसलेली एक बाई “सरी” म्हणाली, मशीनमध्ये दोरा ओवला आणि उजव्या हातानं चाक फिरवायला लागली. तिला कुणी कधी विचारलं नाही, तुझा मूळ हात कुठला. तिच्यासाठी कुणी भांडलं नाही, ताटावरून कुणी उठलं नाही, तिचा राग आला असेल तर तो कुणी पाहिला नाही. आता नामाला सुरुवात होईल. देवाचं नाव घ्या, मोठ्यानं घ्या. आणि एकदा, मनातल्या मनात का होईना, अनुसूयेची आठवण काढा.